सम्राट् ट्रेजन आणि त्याची कुदळधारी सेना

शिपाई म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें हातांत तलवार, पाठीवर ढाल आणि खालीं फुरफुरणारा घोडा असें चित्र उभें राहतें. हातांत कुदळ, खांद्यावर मातीची पाटी आणि घामानें निथळणारें अंग असें शिपायाचें चित्र सहसा कोणी काढीत नाहीं. आणि कोणी काढलेंच, तर आमचे बालवाचक तें पाहून हंसल्याशिवाय राहणार नाहींत. परंतु ज्या सेनेनें भूमध्य समुद्राभोंवतालचे बहुतेक सर्व देश जिंकले व शतकानुशतकें आपल्या ताब्यांत ठेविले, त्या रोमन सेनेचें खरें चित्र हेंच होय. तिनें तलवारीनें जें मिळविलें, तें कुदळीनें टिकविलें. या सेनेंत लहानाचा मोठा झालेला आणि पुढें रोमचा बादशहा म्हणून गाजलेला जो ट्रेजन, त्याचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों. अंगमेहनतीचें काम हलकें, असें मानणाऱ्या कित्येक घरांतून हें चरित्र वाचलें जावें, अशी आमची विशेष इच्छा आहे.

ट्रेजनाचा जन्म इ. स. ५३ सालीं स्पेन देशांतील इटालिका या गांवीं झाला. तेथें पूर्वीं रोमन लोकांची वसाहत झाली होती. रोम शहरांत, किंबहुना इटलींत, न जन्मलेला मनुष्य बादशाही तख्तावर बसण्याचा प्रसंग त्याच्यापूर्वीं क्वचितच आला होता. त्याचा बाप सैन्यांतील मोठा अधिकारी होता. यहुदी लोकांबरोबर झालेल्या युद्धांत त्यानें दहाव्या लीजनचें आधिपत्य केलें होतें. लीजन म्हणजे सुमारें पांच हजार पायदळ शिपायांची पलटण, असें आमच्या वाचकांनीं समजावें. त्याच युद्धांत यहुद्यांच्या बाजूनें लढलेला योसेफस नांवाचा इतिहासकार या शिपायांचें वर्णन करून गेला आहे. तो सांगतो कीं, प्रत्येक रोमन पायदळ शिपायाजवळ शस्त्रांशिवाय करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, विळा, वादी, साखळी आणि तीन दिवसांची शिधासामुग्री असे. इतकी कीं, त्याच्यांत आणि ओझ्याच्या खेंचरांत फारसा फरक दिसत नसे. एके काळच्या शत्रूनें लिहिलेलें असल्यामुळें या वर्णनास विशेष किंमत आहे.

या सामानाचें काम दररोज पडत असे. सैन्य दिवसभर चालून मुक्कामास आलें म्हणजे प्रथम विश्रांति नव्हे, तर प्रथम खोदकाम. मोजणीदार पुढें जाऊन जागा आंखून ठेवीत. शिपाई भोंवतीं खंदक खणीत, त्यांतून निघालेल्या मातीचा आंतील बाजूस तट रचीत आणि तटावर अणकुचीदार मेखा रोवीत. आंत सरळ रस्ते, चार बाजूंस चार दरवाजे आणि मध्यें सेनापतीचा तंबू, अशी रचना ठरलेली असे. त्यामुळें परक्या मुलुखांतील काळोख्या रात्रींही प्रत्येकास आपला तंबू कोठें आहे हें बिनचूक सांपडे. सकाळीं सैन्य निघालें म्हणजे ती छावणी मागें सोडून द्यावयाची आणि संध्याकाळीं पुन्हां नवी खणावयाची! हें कष्टाचें काम वायां जातें असें कोणास वाटेल; परंतु ज्या सेनेस रात्रीं निर्धास्त झोंप मिळते, ती सकाळीं ताजीतवानी असते, हें त्यांतील इंगित होतें.

ट्रेजन तरुणपणींच या शाळेंत दाखल झाला व बराच काळ छावणींत राहिला. सन ८९ मध्यें ऱ्हाईन नदीच्या कांठीं एका सुभेदारानें बंड केलें, तेव्हां डोमिशियन बादशहाच्या हुकुमावरून त्यानें स्पेनमधून एक लीजन घेऊन तिकडे कूच केलें. तो पोहोंचण्यापूर्वींच बंड मोडलें होतें. परंतु त्याची तत्परता बादशहाच्या नजरेंत भरली व सन ९१ मध्यें त्यास कॉन्सल हें मोठें पद मिळालें. पुढें वृद्ध नर्व्हा हा बादशहा झाला. त्यास पुत्र नव्हता, आणि सैन्य त्याच्या हुकमतींत राहीना. सन ९७ मध्यें त्यानें जर्मनीच्या सरहद्दीवरील सुभेदार ट्रेजन यास दत्तक घेतलें, व पुढील वर्षाच्या आरंभींच नर्व्हा निवर्तल्यामुळें ट्रेजन बादशहा झाला.

दुसरा कोणी असता तर तडक राजधानीकडे धांवला असता. ट्रेजनानें तसें केलें नाहीं. ऱ्हाईन आणि डॅन्यूब या नद्यांच्या कांठचीं ठाणीं पाहण्यांत त्यानें एक वर्षाहून अधिक काळ घालविला आणि मग सन ९९ मध्यें तो रोमांत आला. तोही रथांत बसून नव्हे, तर पायीं चालत! त्याची पत्नी प्लोटिना हीही साधेपणाबद्दल प्रसिद्ध होती.

याच सुमारास डॅन्यूबच्या कांठीं एक अचाट काम चाललें होतें. ज्या ठिकाणीं ही विशाल नदी दोन पर्वतांच्या मधून चिंचोळी होऊन गर्जत जाते, तेथें कडा सरळ पाण्यांत उतरतो. पाय ठेवावयास जागा नाहीं. तेथें कडा फोडून वाट काढण्याचें काम पूर्वींच्या बादशहांच्या वेळीं सुरू झालें होतें. ट्रेजनाच्या शिपायांनीं तें तडीस नेलें. जेथें खडक पुरेसा खोदतां येईना, तेथें त्यांनीं कड्यांत भोंकें पाडून तुळया बसविल्या आणि त्यांवर फळ्या टाकून रस्ता नदीवर अधांतरीं पुढें काढला. सन १०० मध्यें या कामाची हकीकत तेथील खडकावरच कोरण्यांत आली. पुढील वर्षीं, जेथें नदीच्या धबधब्यांनीं नावा फुटत, तेथें बाजूनें कालवा खणून नौकांस निर्भय मार्ग करून दिल्याचें दुसऱ्या एका शिलालेखावरून समजतें.

इतका खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. डॅन्यूबच्या पलीकडे, सध्यांच्या रुमानिया देशांत, डेशियन लोकांचें राज्य होतें व डेसिबॅलस नांवाचा शूर व धूर्त राजा त्यांवर राज्य करीत होता. डोमिशियनानें त्याच्याशीं तह करून त्यास दरसाल द्रव्य देण्याचें कबूल केलें होतें. इतकेंच नव्हे, तर बांधकामांत निष्णात असे कारागीरही दिले होते. डेसिबॅलसानें त्यांच्या मदतीनें आपले डोंगरी किल्ले बळकट केले. ट्रेजनास हा तह अपमानकारक व धोक्याचा वाटला आणि सन १०१ मध्यें त्यानें युद्ध सुरू केलें. मोहिमेवर असतां तो शिपायांबरोबर पायीं चाले व त्यांच्याप्रमाणेंच नद्या उतरून जाई. एका लढाईंत जखमींस बांधण्यास पट्ट्या कमी पडल्या, तेव्हां त्यानें स्वतःचीं वस्त्रें फाडून दिलीं, असें इतिहासकार डायो कॅशियस सांगतो. सन १०२ मध्यें डेसिबॅलस शरण आला. तहाच्या अटींत त्यानें आपले किल्ले पाडावे, आणि रोमकडून मिळालेले कारागीर व युद्धयंत्रें परत करावीं, अशी कलमें होतीं. तलवारींपेक्षां कारागिरांची मोजदाद अधिक महत्त्वाची ठरली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

तह टिकेल असा ट्रेजनास भरंवसा नव्हता. म्हणून त्यानें डॅन्यूबवर कायमचा पूल बांधण्याचें ठरविलें आणि तें काम दमास्कस येथील अपॉलोडोरस नांवाच्या शिल्पज्ञावर सोंपविलें. सन १०३ ते १०५ या अवधींत हा पूल उभा राहिला. पात्रांत वीस दगडी खांब, त्यांवर लांकडी कमानी आणि अकराशें मीटरांहून अधिक लांबी! दोन्ही तीरांवर पुलाच्या रक्षणासाठीं किल्ले होते. ज्या विटा तेथें सांपडल्या आहेत, त्यांवर निरनिराळ्या लीजनांचे ठसे आहेत. शिपायांनींच माती कालविली, विटा थापल्या, भट्ट्या लावल्या आणि आपल्या पलटणीची खूण त्यांवर उमटविली, याचा याहून चांगला पुरावा कोणता पाहिजे?

सन १०५ मध्यें युद्ध पुन्हां पेटलें. रोमन सैन्य पुलावरून पार झालें, राजधानी सार्मिझेगेथुसा पडली, आणि सन १०६ मध्यें डेसिबॅलसानें शत्रूच्या हातीं जिवंत सांपडण्यापेक्षां स्वहस्तें मरण पत्करिलें. डेशियाचें सोनें रोमांत आलें. शेंकडों खेड्यांतील लोक गुलाम होऊन देशोधडीस लागले. रोमांत मात्र १२३ दिवस उत्सव चालला व त्यांत हजारों पशु मारले गेले आणि हजारों मल्ल एकमेकांशीं शस्त्रांनीं लढविले गेले. ज्या पुलाचें आम्हीं आतांच कौतुक केलें, तोच पूल एका स्वतंत्र राष्ट्राच्या नाशाचा मार्ग झाला, हें सांगितल्यावांचून हें चरित्र खरें होणार नाहीं.

या युद्धाची सचित्र बखर दगडांत कोरलेली आहे. रोमांत ट्रेजनानें जो भव्य चौक बांधला, त्यांत सन ११३ मध्यें एक स्तंभ उभारण्यांत आला. चौथऱ्यासह त्याची उंची सुमारें ३८ मीटर असून आंतून चढण्यास १८५ पायऱ्यांचा गोल जिना आहे. बाहेरून वेलीप्रमाणें वर चढत गेलेल्या पट्ट्यावर अडीच हजारांहून अधिक आकृति कोरलेल्या आहेत. त्यांत लढाईच्या देखाव्यांपेक्षां कूच, छावण्या, रस्ते व किल्ले यांचे देखावे अधिक आहेत. चिलखत घातलेले शिपाई झाडें तोडीत आहेत, खंदकांतून मातीच्या टोपल्या वर देत आहेत, गवताळ ढेकळें दोरीनें पाठीवर बांधून नेत आहेत. आणि त्यांच्या ढाली व शिरस्त्राणें जवळच भाल्यांवर अडकवून ठेविलेलीं आहेत. आपल्या विजयस्तंभावर सेनेचे हे कष्ट कोरविण्यांत ट्रेजनास कमीपणा वाटला नाहीं.

युद्ध नसे तेव्हांही ही सेना स्वस्थ बसत नसे. आफ्रिकेंत, सध्यांच्या अल्जीरियांत, तिसऱ्या लीजननें सन १०० मध्यें टिमगड नांवाचें सबंध शहर वसविलें. त्याचे बुद्धिबळाच्या पटासारखे काटकोनांत छेदणारे रस्ते अजून पाहावयास मिळतात. इंग्लंडांतील यॉर्क येथें नवव्या लीजननें सन १०७-१०८ मध्यें आपल्या किल्ल्याचा दरवाजा बांधल्याचा शिलालेख आहे. इटलींत बेनेव्हेंटमपासून ब्रिंडिसीच्या बंदरापर्यंत सन १०९ मध्यें नवा रस्ता झाला. अरबस्तानचा उत्तर भाग रोमच्या राज्यास जोडल्यावर सीरियाच्या हद्दीपासून थेट तांबड्या समुद्रापर्यंत वाळवंटांतून रस्ता काढण्यांत आला. सर्व ठिकाणीं सर्व काम शिपायांनींच केलें असें नाहीं. स्थानिक मजूर, ठेकेदार व कैदी यांचाही हात त्यांत होता. परंतु सरहद्दीवरील कामाचा मुख्य भार, आणि मोजणीची व शिल्पाची विद्या, ही सैन्याचीच होती.

रस्ता कसा करीत, तेंही थोडक्यांत सांगतों. प्रथम ओळंबे लावलेल्या काठीच्या चौफुलीनें सरळ रेषा साधावयाची. मग माती उकरून तळाशीं मोठे दगड, त्यांवर लहान दगड व खडी, आणि वर चोपलेली बारीक खडी किंवा जेथें सोय असेल तेथें फरशी. मधला भाग किंचित् उंच ठेवीत आणि दोन्ही बाजूंस चर खणीत, म्हणजे पावसाचें पाणी वाहून जाई. ठराविक अंतरावर मैलाचे दगड उभारीत. पाणी मुरलें कीं रस्ता मेला, हें आमच्या कोंकणांतील व घांटावरील शेतकऱ्यांस निराळें सांगावयास नको.

हे कष्ट शिपायांस आवडत होते काय? याचें उत्तर मिसर देशाच्या वाळूंत सांपडलेल्या एका जुन्या पत्रांत आहे. अपॉलिनेरियस नांवाच्या एका तरुण शिपायानें सन १०७ मध्यें अरबस्तानांतून आपल्या बापास तें लिहिलें. इतर गडी दिवसभर दगड फोडीत असतात, परंतु आपणास कारकुनाची जागा मिळाल्यामुळें त्या कामांतून आपली सुटका झाली, म्हणून तो देवाचे आभार मानतो. एकोणीसशें वर्षांपूर्वींचा हा मुलगा किती ओळखीचा वाटतो! त्याचें लेखन आम्हांस आज मोलाचें वाटतें. परंतु ज्यांनीं ते दगड फोडले, त्यांचीं नांवें मात्र त्या पत्रांत नाहींत.

राज्यकारभारांतही ट्रेजनाची दृष्टि बांधणाऱ्याची होती. बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याच्याशीं झालेला त्याचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. निकोमिडिया शहरानें पाण्याच्या पाटावर ३३ लक्ष सेस्टर्सांहून अधिक खर्च करून तो अर्धवट टाकून दिल्याचें प्लिनीनें कळवितांच, शहरास पाणी मिळालेंच पाहिजे, परंतु इतका पैसा कोणाच्या अपराधानें बुडाला याचाही तपास झाला पाहिजे, असा त्यानें हुकूम केला. प्लिनीनें रोमहून मोजणीदार मागितला, तेव्हां येथील कामांसच ते पुरत नाहींत, विश्वासू माणसें प्रत्येक प्रांतांत शोधल्यास मिळतात, असें त्यास उत्तर गेलें.

इटलींतील गरीब मुलांच्या पोषणासाठींही त्यानें मोठी व्यवस्था केली. सरकार जमीनदारांस कर्ज देई आणि त्याचें व्याज त्या गांवच्या मुलांच्या पोषणाकडे लावी. व्हेलीया या गांवचा ताम्रपट सन १७४७ मध्यें सांपडला; त्यावरून तेथें सुमारें तीनशें मुलांस असें साहाय्य मिळत असल्याचें दिसतें. मुलग्यास दरमहा १६ सेस्टर्स आणि मुलीस १२! शिवाय मुलींची संख्याही फार थोडी होती. हा भेद आमच्या कन्यावाचकांस रुचणार नाहीं, आणि आम्हांसही रुचत नाहीं. परंतु उपाशी मुलांची जबाबदारी राज्याची आहे, हा विचार त्या काळीं सामान्य नव्हता.

ख्रिस्ती लोकांविषयींही प्लिनीनें सन ११२ च्या सुमारास त्याचा सल्ला विचारला. त्यांस मुद्दाम हुडकून काढूं नये आणि निनांवी तक्रारींकडे मुळींच लक्ष देऊं नये, असें ट्रेजनानें कळविलें. तथापि आरोप शाबीत झाल्यावरही जे आपला धर्म सोडणार नाहींत, त्यांस शिक्षा करावी, असेंही त्यानें लिहिलें. न्यायाच्या वाटेवर तो इतरांपेक्षां पुढें गेला, पण अर्ध्यावरच थांबला.

आमच्या देशाशींही या बादशहाचा थोडा संबंध आला. त्या काळीं तांबड्या समुद्रांतील बंदरांतून मोसमी वाऱ्यांवर गलबतें भडोच, कल्याण इत्यादि बंदरांस येत, आणि कोंकणांतून नाणेघाटाच्या खोदलेल्या वाटेनें माल जुन्नरकडे चढे. ट्रेजनानें नाईल नदीपासून तांबड्या समुद्रापर्यंतचा जुना कालवा नव्यानें वाहता केला. डेशिया जिंकल्यावर हिंदुस्थानांतून वकील त्याच्या दरबारीं गेल्याचें डायो कॅशियस सांगतो. पुढें सन ११४ पासून त्यानें पार्थियन लोकांवर स्वारी केली. आर्मीनिया व मेसोपोटेमिया घेऊन सन ११६ मध्यें तो इराणी आखाताच्या तीरावर पोहोंचला. तेथें हिंदुस्थानाकडे निघालेलें एक गलबत त्यानें पाहिलें आणि आतां आपलें वय झालें, नाहींतर आपणही शिकंदराप्रमाणें तिकडे गेलों असतों, अशी हळहळ त्यास वाटली.

तेथूनच उतार लागला. जिंकलेल्या प्रांतांत पाठीमागें बंडें उसळलीं, हाट्राचा वेढा फसला, आणि पक्षवातानें त्याचें शरीर खचलें. परतीच्या वाटेवर सन ११७ च्या ऑगस्ट महिन्यांत, आशियामायनरांतील सेलायनस या गांवीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं त्याचा अंत झाला. त्याच्या अस्थि सोन्याच्या पात्रांत घालून त्याच्याच स्तंभाच्या पायथ्याशीं ठेवण्यांत आल्या. त्याचा वारस हेड्रियन यानें पूर्वेकडील नवे प्रांत लागलीच सोडून दिले, आणि शत्रु अलीकडे येऊं नये म्हणून डॅन्यूबवरील पुलाचा वरचा भागही काढविला. म्हणजे ट्रेजनाची शेवटची मोठी विजययात्रा त्याच्याबरोबरच संपली.

मग राहिलें काय? ब्रिंडिसीकडील त्याच्या रस्त्यानें त्याच्या मागून शेंकडों वर्षें व्यापारी, यात्रेकरू व शेतकरी चालत राहिले. डॅन्यूबच्या दोन्ही तीरांवर पुलाचे खांब अजून उभे आहेत. कड्यांतील वाट सन १९७२ मध्यें पुऱ्या झालेल्या धरणाच्या पाण्याखालीं गेली, परंतु सन १०० चा तो शिलालेख आधींच कापून वर नेऊन बसविण्यांत आला. रोममधील स्तंभही शाबूत आहे; त्याच्या माथ्यावरील ट्रेजनाचा पुतळा मात्र कधींच नाहींसा झाला आणि सन १५८७ मध्यें तेथें संत पेत्राचा पुतळा बसविण्यांत आला. बादशहा माथ्यावरून गेला, पण टोपल्या उचलणारे शिपाई अजून तेथेंच आहेत!

विद्यार्थी मित्रहो, ट्रेजनाच्या चरित्रांत अनुकरणीय पुष्कळ आहे आणि टाळण्यासारखेंही थोडें नाहीं. सत्तेच्या हव्यासानें त्यानें जें मिळविलें तें ओसरलें. शिस्तीनें व श्रमानें जें बांधविलें तें टिकलें. उद्यां तुम्हांपैकीं कोणी स्थापत्यशास्त्रज्ञ होईल, कोणी अधिकारी होईल, कोणी अपॉलिनेरियसासारखा कारकून होऊन सांवलींत बसेल. त्या वेळीं उन्हांत खडी फोडणाऱ्याकडे तुच्छतेनें पाहूं नका. आणि प्रसंग पडल्यास कुदळ हातांत घेण्यास लाजूंही नका. शाळेच्या वाटेवर पावसाळ्यांत खड्डा पडला, तर तो कोण बुजवील याची वाट पाहणारा एक, आणि पाटीभर माती आणून टाकणारा दुसरा, अशीं दोन प्रकारचीं माणसें या जगांत असतात. मागून येणारे पादचारी त्या दुसऱ्याच्या मातीवर पाय ठेवून पुढें जातात.